सिव्हिल इंजिनिअर मुलीला वकिली कशाला?

निकालांचे दिवस आले की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर पालकांची वर्दळ सुरू होते. "मॅडम, याला कुठे घालू?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. या वेळी मात्र प्रश्न माझ्याच घरातून आला. माझी भाची सिव्हिल इंजिनिअर झाली, पुण्यात दोन वर्षे साइटवर काम केले आणि आता म्हणते, मला एलएलबी करायचे आहे. भाईजानांचा फोन आला. "तू शिकवतेस ना मुलांना, मग हिला समजाव. चार वर्षांची फी भरली ती कोर्टात काळा कोट घालायला का?"

भाची स्वतः भेटायला आली तेव्हा मी तिला हेच विचारले. ती म्हणाली, "फुप्पी, मला कोर्टात नाही जायचे. मला बांधकामाच्या लवादात काम करायचे आहे. अब्बांचे जे झाले ना, तेच काम."

अब्बांचे काय झाले, ते आधी सांगते. कोकणातल्या कितीतरी घरांत असे काही घडलेले असेल. भाईजान आखातात गवंडीकामाचे मुकादम होते. पुढे हिंमत करून त्यांनी एका मोठ्या कंत्राटदाराकडून ब्लॉकचे आणि प्लास्टरचे पोटकंत्राट घेतले. मजूर आणले, त्यांच्या राहण्याची सोय केली, पण इमारतीचे मजले वेळेवर ताब्यातच मिळाले नाहीत. तीस माणसे चार महिने बसून खात होती. भाईजान रोज विचारायला जात, समोरचा साहेब म्हणे, "काम चालू ठेवा, हिशेब नंतर बघू." काम संपले तेव्हा साहेब बदललेला होता. नव्या साहेबाने एकच विचारले, "तुम्ही लेखी कधी कळवलेत?" कळवले नव्हते. मजुरांचे पगार चुकते करायला घरची आंब्याची बाग विकावी लागली. भाईजान आजही म्हणतात, नशिबात नव्हते. भाची म्हणते, नोटीस नव्हती.

मला तिचे म्हणणे आधी कळले नाही. मग तिने मोबाइलवर एक कलम काढून दाखवले. फिडिक नावाची सल्लागार इंजिनिअरांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९१३ मध्ये स्थापन झालेली. बांधकाम कराराचे तयार नमुने ती छापते. पहिले लाल पुस्तक १९५७ मध्ये आले. आखातातली, आफ्रिकेतली आणि आपल्याकडचीही कितीतरी मोठी कामे या नमुन्यांवर किंवा त्यात फेरफार करून चालतात. १९९९ च्या आवृत्तीत कलम २०.१ आहे. कंत्राटदाराला जादा वेळ किंवा जादा पैसे हवे असतील, तर कारण कळल्यापासून, किंवा कळायला हवे होते तेव्हापासून, २८ दिवसांच्या आत त्याने नोटीस दिली पाहिजे. नाही दिली तर मागणी गेली. त्यानंतर तपशीलवार हिशेब, कागदपत्रे, मग इंजिनिअरचा निर्णय. तो पटला नाही तर वाद मंडळ. तेही पटले नाही तर लवाद.

भाईजानांच्या करारात नेमके कोणते कलम होते, हे आता सांगता येणार नाही, कारण कराराची प्रतही त्यांच्याकडे नाही. हीसुद्धा आपल्या लोकांची एक सवयच. सही करतो, प्रत मागत नाही.

लवादाला उर्दूत सालिसी म्हणतात. अरबीत 'सालिस' म्हणजे तिसरा. दोघांच्या भांडणात दोघांनी मिळून मान्य केलेला तिसरा माणूस. गावात पंच बसवतात त्याचेच हे मोठे रूप, फरक एवढाच की त्याचा निवाडा कायद्याने बंधनकारक असतो आणि सरहद्दीपलीकडेही चालतो. यासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे. दीडशेहून जास्त देश त्यात आहेत. भारत सुरुवातीपासूनचा, सौदी अरब १९९४ मध्ये आला, संयुक्त अरब अमिराती २००६ मध्ये. त्यामुळे कोरियाची कंपनी, दुबईचा मालक आणि भारतीय पोटकंत्राटदार यांचा वाद पॅरिसच्या किंवा सिंगापूरच्या संस्थेच्या नियमांनी सुटू शकतो आणि ज्या देशात हरणाऱ्याची मालमत्ता आहे तिथल्या कोर्टात तो निवाडा वसुलीसाठी नेता येतो.

आता यात इंजिनिअरचे काय काम? मी हेच विचारले, तेव्हा तिने पनामा कालव्याची गोष्ट सांगितली. कालवा रुंद जहाजांसाठी वाढवायचे कंत्राट २००९ मध्ये एका युरोपीय गटाला मिळाले. खोदताना निघणारा बेसाल्ट दगड फोडून त्याचेच काँक्रीट करायचे ठरले होते. (आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तोच.) कंत्राटदार म्हणाला, दगड सांगितला तसा निघाला नाही, खर्च वाढला. मालक म्हणाला, दगड तपासणे तुमचे काम होते. २०१४ च्या फेब्रुवारीत काम काही दिवस बंदच पडले. शेवटी २०१६ च्या जूनमध्ये जहाजे जाऊ लागली, पण भांडण संपले नाही. वाद मंडळाने आधी कंत्राटदाराला काही रक्कम दिली. २०२० मध्ये लवादांनी त्यातला मोठा भाग परत करायला सांगितला. या सगळ्यात मुद्दा कसला? दगडाचा, काँक्रीटच्या मिश्रणाचा, वेळापत्रकाचा. नुसत्या वकिलाला काँक्रीट कळत नाही आणि नुसत्या इंजिनिअरला 'नोटीस' या शब्दाचे वजन कळत नाही. दोन्ही कळणारी माणसे थोडी आहेत.

त्यांची कामेही वेगवेगळी असतात. कोणी कंत्राटदाराच्या ऑफिसात करार सांभाळतो, नोटिसा लिहितो, रोजच्या नोंदी ठेवतो. कोणी उशिराचा तज्ज्ञ असतो. प्रायमाव्हेरासारख्या सॉफ्टवेअरवर मूळ वेळापत्रक आणि प्रत्यक्ष काम समोरासमोर ठेवून तो सांगतो की शंभर दिवस उशीर झाला, त्यातले किती मालकामुळे, किती कंत्राटदारामुळे. लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने यासाठी २००२ मध्ये एक मार्गदर्शिका काढली, २०१७ मध्ये ती सुधारली. जगभर तिचा हवाला देतात. तिसरा रकमेचा तज्ज्ञ. आणि अनुभव झाला की काही जण स्वतः लवाद होतात. नाएल बुन्नी यांचे नाव भाचीने सांगितले. मूळचे इराकी, आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले इंजिनिअर. फिडिक करारांवरचे त्यांचे पुस्तक या क्षेत्रात सगळे वापरतात आणि लंडनच्या लवादांच्या चार्टर्ड संस्थेचे ते अध्यक्ष होते.

एक गोष्ट मला विशेष आवडली. तज्ज्ञाला फी एक पक्ष देतो, पण त्याची जबाबदारी लवादांशी असते. ज्याने पैसे दिले त्याच्याविरुद्ध आकडा निघाला तरी तोच सांगायचा. प्रत्यक्षात सगळेच तसे वागतात असे मी म्हणणार नाही. फुगवलेले दावे लिहून देणारेही या धंद्यात आहेत. भाचीला मी एवढेच म्हटले, कोणत्या बाजूची व्हायचे ते पहिल्या नोकरीतच ठरते.

आता वाटेविषयी, कारण पत्रे त्याचीच येतील. सिव्हिलची पदवी हवी. डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणून आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांनी निराश होऊ नये. त्यानंतर किमान दोन-तीन वर्षे साइट. हे टाळू नका. ज्याने भर पावसात स्लॅब थांबवलेला पाहिला नाही, तो उशिराचा हिशेब काय लिहिणार? मग तीन वर्षांचे एलएलबी, महाराष्ट्रात त्याची सीईटी असते. पत्राद्वारे मिळणारी कायद्याची पदवी बार कौन्सिल मान्य करत नाही आणि हजेरीचीही अट आहे, तेव्हा नोकरी सांभाळून करणे सोपे नाही. वकील व्हायचे नसेल तर एलएलबीशिवायही वाट आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात बांधकाम कायद्याचे केंद्र १९८७ पासून चालू आहे, तिथले एमएससी इंजिनिअर आणि वकील शेजारी बसून करतात. ते महाग आहे. चार्टर्ड संस्थेचे छोटे अभ्यासक्रम त्या मानाने आवाक्यातले. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात लवाद वकीलच हवा अशी अट नाही. सौदीत मात्र एकटा लवाद असेल तर त्याच्याकडे कायद्याची किंवा शरियतची विद्यापीठाची पदवी लागते. तिघांचे मंडळ असेल तर ही अट अध्यक्षापुरती, बाकीच्यांत इंजिनिअर बसू शकतो.

आणि भाषा. सौदीच्या कोर्टाचे काम अरबीत चालते. आमची मुले लहानपणी कुरआन नाझिरा वाचतात, अक्षरे ओळखतात, आणि तिथेच थांबतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना तर अर्धे शब्द आधीच ओळखीचे असतात. दोन वर्षे नीट अरबी शिकलेला इंजिनिअर रियाधमध्ये किती उपयोगी पडेल, याचा विचार आम्ही शिक्षकांनीही केलेला नाही. माझ्या शाळेत मी केला नाही, हे कबूल करते.

मुलींच्या बाबतीत घरचे विचारतात, साइटवर कशी पाठवू? दोन-तीन वर्षांनंतर हे काम बहुतेक ऑफिसातले, वाचण्या-लिहिण्याचे आहे. भाभींची हरकत वेगळी. "अजून तीन वर्षे? मग निकाह कधी?" भाचीने उत्तर दिले नाही, मीही दिले नाही.

परवा ती गावी गेली होती. भाईजानांची आखातातली जुनी डायरी पेटीत सापडली. रोज किती माणसे कामावर, किती बसून, सगळे उर्दूत लिहिलेले. अब्बांना शेजारी बसवून तिने पानन् पान वाचले आणि मजला ताब्यात न मिळाल्याची पहिली तारीख शोधून काढली. भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेबाला हे दाखवायला हवे होते का?" रात्री मला फोन केला तेव्हा बाकी काही बोलले नाहीत, सीईटीचा फॉर्म कधी निघतो तेवढे विचारले. भाभी अजून राजी नाहीत.