अवघड प्रश्न ज्याचा त्यालाच विचारावा



गेल्या अंकात आम्ही रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी लिहिले होते. ह्या वेळचा विषय गोळीपेक्षा कडू आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापर्यंत येऊन ठेपलेला आहे. घरात कोणी फार आजारी पडले की एक प्रश्न सर्वांच्या मनात येतो आणि कोणाच्या तोंडातून बाहेर पडत नाही : बरे होण्याची आशा उरली नाही, तर उपचार कुठवर करायचे? कोणी धीर करून विचारलाच, तर थोरली माणसे त्याला लगेच गप्प करतात, "शुभ बोल रे नाऱ्या!"

आम्ही नर्सेसनी हा प्रश्न मुंबईच्या वॉर्डात ऐकला आणि इथे इस्राएलातही ऐकला. तो डॉक्टरांना दाराबाहेर विचारतात, थोरल्या मुलाला फोनवर विचारतात, रात्रपाळीच्या नर्सला हळूच विचारतात. खाटेवर पडलेल्या माणसाला मात्र कोणी विचारत नाही. त्याच्या समोर हवापाण्याच्या गोष्टी चालतात.

असे एक आजोबा आम्हाला आठवतात. मुलांनी डॉक्टरांना हिब्रूत बजावले होते, "बाबांना काही सांगू नका, ते खचतील." आजोबांना हिब्रू चांगले समजत होते. रात्री ते आम्हाला मराठीत म्हणाले, "सिस्टर, मला सगळं कळलंय. पण पोरांना सांगू नका, ती खचतील." दोन्हीकडे माया होती, आणि त्या मायेपायी दोन्हीकडे कुलूप लागले होते. त्या आजोबांना शेवटी घरी जायचे होते की इस्पितळातच राहायचे होते, हे एका साध्या प्रश्नाने कळले असते.

इथल्या १९९६ च्या रुग्ण-हक्क कायद्याप्रमाणे आजाराची माहिती मिळणे हा रुग्णाचा स्वतःचा हक्क आहे. ती सांगितल्याने रुग्णाला गंभीर अपाय होईल असे डॉक्टरांना वाटले, तर त्यांना नीतिसमितीची संमती घ्यावी लागते. नुसत्या नातेवाइकांच्या सांगण्यावरून लपवता येत नाही.

माणसाला वेळेवर विचारता आले नाही तर काय होते, हे आमच्या पिढीच्या नर्सेसनी मुंबईत पाहिले. परळच्या के.ई.एम. इस्पितळात अरुणा शानभाग नावाची तरुण नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातल्याच एका कामगाराने तिच्यावर क्रूर हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. ती जगली, पण तिला पुन्हा बोलता आले नाही. के.ई.एम.च्या नर्सेसनी तिला सांभाळले. तिच्या बरोबरीच्या निवृत्त झाल्या, हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली नर्स होऊन तिच्या सेवेला आल्या. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही, ह्याची दखल भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. बेडसोअर होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने आजारी माणसाची कूस बदलली आहे त्यालाच ठाऊक!

लेखिका पिंकी विराणी ह्यांनी न्यायालयाला विनंती केली, की अरुणाला असे भरवून जगवणे थांबवावे. नर्सेस म्हणाल्या, आम्ही तिला सांभाळू, तिला जगू द्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने नर्सेसचे म्हणणे मान्य केले. मात्र त्याच निकालात, काही रुग्णांच्या बाबतीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असेही ठरवले. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने भारतात आपली इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता मिळाली. अरुणा त्याआधीच, १८ मे २०१५ रोजी, न्यूमोनियाने वारली होती.

कोण बरोबर होते? दोन्ही बाजूंना तिच्याविषयी कळवळा होता, म्हणून कोणालाही निर्दयी म्हणायला आमची जीभ उचलत नाही. पण एवढे खरे, की बेचाळीस वर्षांत सर्वांनी आपापले म्हणणे मांडले, आणि जिचे म्हणणे ऐकायला हवे होते तिला विचारण्याचा मार्गच उरला नव्हता.

हा प्रश्न आजकालच्या यंत्रांनी आणला असे काहींना वाटते. तसे नाही. तालमूदमध्ये रब्बी येहूदा हनासी ह्यांच्या शेवटच्या आजाराची हकीगत आहे. शिष्य प्रार्थना थांबवीत नव्हते. घरातली दासी गच्चीवर गेली आणि आधी तिनेही धनी जगावेत अशीच प्रार्थना केली. पण त्यांना पुन्हा पुन्हा शौचास उठावे लागते, दर वेळी तेफिलीन काढावे आणि घालावे लागते आणि त्यांचे हाल होतात, हे पाहिल्यावर तिची प्रार्थना बदलली. शिष्य थांबेनात, तेव्हा तिने गच्चीवरून मडके खाली टाकले. त्या आवाजाने प्रार्थना क्षणभर थांबली आणि रब्बींचा प्राण गेला. तालमूद तिला दोष देत नाही. आम्हा नर्सेसना ही दासी जवळची वाटते. ती विदुषी नव्हती, पण आजाऱ्याजवळ होती, आणि जवळून पाहिल्यावर आपले मत बदलण्याची तिची तयारी होती.

इस्राएलातही अशीच मोठी चर्चा झाली. रब्बी व डॉक्टर असलेले प्राध्यापक अव्राहाम स्टाइनबर्ग ह्यांच्या अध्यक्षतेखाली सन २००० मध्ये ५९ जणांची समिती नेमली गेली. तीत डॉक्टर, नर्सेस, वकील, तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित एकत्र बसले. त्यातून २००५ साली मरणोन्मुख रुग्णांचा कायदा झाला. उपचार करूनही सहा महिन्यांच्या पुढे जगणार नाही असे डॉक्टरांनी ठरवलेल्या रुग्णाला तो लागू होतो. इंजेक्शन देऊन प्राण घेणे कायद्याने मना आहे. सतत चालू असलेले श्वासाचे यंत्र मधेच बंद करता येत नाही, पण नको असेल तर ते मुळातच न लावणे, किंवा टप्प्याटप्प्याने चालणारा उपचार पुन्हा सुरू न करणे, शक्य असते. वेदना कमी करणे मात्र नेहमीच कर्तव्य आहे.

ह्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. माणसाने आपली इच्छा कळवली नसेल आणि तसा दुसरा पुरावा नसेल, तर त्याला जगायचे आहे असेच कायदा धरून चालतो. म्हणून ज्याची जी इच्छा असेल ती त्याने शुद्धीत असताना लिहून ठेवावी, किंवा आपल्या वतीने ठरवण्यासाठी विश्वासाचे माणूस नेमावे. कुपात होलिमच्या डॉक्टरांना ह्याचा अर्ज विचारा. अर्ज हिब्रू असला, तर त्यातला शब्द न् शब्द मराठीत समजल्याखेरीज सही करू नका. "सगळे उपचार करा" असेही लिहिता येते. तीही इच्छाच आहे.

आता विचारायचे कसे? उभ्याउभ्या विचारू नका. खुर्ची जवळ ओढून बसा. "आई, तुला नळ्या नकोतच ना?" हा प्रश्न नव्हे, ही होकाराची मागणी झाली. त्यापेक्षा म्हणा, "आई, दुखणं वाढलं तर तुला काय हवं, काय नको?" मग गप्प बसा. आमच्या अनुभवाने खरे उत्तर थोड्या शांततेनंतर येते. "मला ह्यावर बोलायचं नाही," हेही उत्तर आहे, त्याचा मान राखा. आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा, कारण दासीची प्रार्थना बदलली तसे माणसाचे मनही बदलते.

आणखी एक विनंती. आजीला हिब्रू येत नाही म्हणून बारा वर्षांच्या नातवाला दुभाष्या करून असल्या गोष्टी सांगायला लावू नका. ते ओझे मुलाच्या खांद्याचे नव्हे. मराठी येणारे मोठे माणूस बोलवा.

पण बालमित्रांनो, ह्याचा अर्थ तुम्ही विचारू नये असा नाही. पेसाहच्या सेदेरला सर्वांत लहान मुलानेच प्रश्न विचारायचा असतो आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे असते. तुम्ही आजीजवळ बसून एवढेच विचारा, "आजी, तू आजारी पडलीस तर तुझ्याजवळ कोणी बसावं? तुला कोणतं गाणं ऐकवू?" तिने सांगितले तर नीट ऐका आणि आईबाबांना सांगा. आणि मोठ्यांनो, मुलाने असे विचारले तर "शुभ बोल" म्हणू नका. त्याला जवळ घ्या आणि खरे उत्तर द्या.

पुढच्या अंकात उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांनी पाणी किती आणि कधी प्यावे, ह्याविषयी लिहू. तोवर प्रकृती सांभाळा.