गाडीचा शौक करा, पण गल्ल्यातून नको

"सर, धंदा सुरू करून राहिलो, पहिले गाडी घेऊ काय?" अमरावती असो की अकोला, बॅच संपली की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा गाडीवेडा असतो. कोणत्या मॉडेलला किती टॉर्क, ते तोंडपाठ. महिन्याचा निव्वळ नफा किती विचारलं, की वहीत पाहावं लागतं.

मित्रांनो, मी शौकाच्या विरोधात नाही. एमएच-27 आणि एमएच-30 पाटीच्या जुन्या जिपा, एट हंड्रेड जपणारी माणसं मला आवडतात. आवाजावरून बेअरिंग गेलं हे ज्याला कळतं, तो दुकानातलं मशीनही नीट सांभाळतो. माझा आक्षेप एवढाच, की शौक घरचा आणि बिल दुकानाचं, हे चालणार नाही.

"पण टॅक्स वाचतो ना सर!" चला, हिशोब करू. 10 लाखांची गाडी धंद्याच्या नावावर घेतली. आयकरात घसारा 15 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी दीड लाख. गाडी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले 30 हजार. 8 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 16,600, वर्षाला दोन लाखांच्या घरात. व्याजाची वजावट जोडली तरी एकूण बचत चाळीस-पंचेचाळीस हजार. तेवढे वाचवायला दोन लाख बाहेर गेले. आणि लग्नकार्याला, शेगावला गाडी फिरवली तर तेवढा घरगुती वापराचा हिस्सा खर्चातून वगळावा लागतो. अंदाजे उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीवर 8 किंवा 6 टक्के नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर गाडीचा घसारा वेगळा मिळतच नाही. तिथे "टॅक्स वाचतो" हे वाक्य शोरूममध्येच सोडून या.

जीएसटीचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा दर 18 टक्क्यांवर आला आणि सगळ्यांना घाई झाली. पण ड्रायव्हर धरून 13 सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीचं इनपुट क्रेडिट साध्या दुकानदाराला मिळत नाही. तिच्या विम्याचं, दुरुस्तीचंही नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांचीच विक्री असेल तर गोष्ट वेगळी. माल वाहणाऱ्या गाडीचं मात्र मिळतं, म्हणजे तुम्ही रेग्युलर नोंदणीत असाल आणि तुमचा माल करपात्र असेल तर. म्हणून मसाल्याचा, फरसाणचा, हार्डवेअरचा धंदा असेल तर पहिली चारचाकी छोटा हत्ती असू द्या. कोणी स्टेटसला फोटो टाकणार नाही. नका टाकू ना!

आता देखभालीचं बोलू, कारण हप्ता दिसतो, हा खर्च दिसत नाही. आपलं ऊन पुण्या-मुंबईच्या हिशोबात बसत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. कूलंटमध्ये नुसतं नळाचं पाणी भरत राहिलात तर रेडिएटरमध्ये गंज आणि क्षार बसतात. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर लवकर भरते. कंपनीच्या पुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळी सूचना असते, ती वाचा.

रस्ता चांगला झाला म्हणजे खर्च कमी झाला असंही नाही. जून 2022 मध्ये लोणी ते माना हा 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, अभिमानाची गोष्ट आहे. आता त्या रस्त्यावर पूर्वीच्या 60 ऐवजी 100 ने जाता, आणि टायर तेच जुने. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तर कायद्यानेही तो टायर बाद. भर उन्हात, हवा कमी असलेल्या टायरवर समृद्धीला लागणं म्हणजे कुटुंबाचा जीव पणाला लावणं आहे. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना तपासा.

अजून एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माल किंवा माणसं नेता का? "दोन ट्रिपमध्ये पेट्रोल निघते" म्हणणारे खूप आहेत. अपघात झाला आणि गाडी भाड्यावर होती हे निघालं, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. मग धंदाही जातो आणि गाडीही. शौक म्हणून इंजिन, रंग, रचना बदलत असाल तर तेही पाहा: 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालत नाहीत.

मग गाडीवेड्याने करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: जुनी घ्या, रोख घ्या, स्वतःच्या काढलेल्या पगारातून घ्या. हो, मालकानेही दर महिन्याला ठरलेला पगार काढायचा असतो. सहा महिन्यांचं दुकानभाडं आणि माल उचलायला लागणारा पैसा बाजूला ठेवूनही काही उरत असेल, तरच गाडी बघायला निघा. बघायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा, की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर बरंच काही सांगतो. आरसी पाहा. 15 वर्षं पूर्ण होत आली असतील तर फिटनेस आणि नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करा. जुनं मॉडेल असेल तर 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे रबरी पाइप आणि गास्केट मेकॅनिककडून तपासून घ्या. आधीचं कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का, हे पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही.