पुरावा आणि वदंता

आजच्या खुनाची गांठ इतिहासांतील एखाद्या गूढाशीं घालणाऱ्या कादंबऱ्या आम्हांस आवडतात. त्या वाचणाऱ्यांस हलक्या अभिरुचीचे म्हणून हिणविणाऱ्या टीकाकारांशीं आमचें जमत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. या कादंबऱ्यांत आजच्या प्रेतास पुरावा लाभतो, आणि जुन्या मृतांच्या वांट्यास मात्र वदंता येते!

डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ (२००३) घ्या. लूव्र संग्रहालयांतील खुनाचा छडा नायक एकेक चिन्ह पारखून लावतो. परंतु ग्रंथारंभीं ‘सत्य’ या मथळ्याखालीं लेखक बजावतो कीं, ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संस्था १०९९ सालीं स्थापन झाली व न्यूटन, लिओनार्दो तिचे सभासद होते. वस्तुतः ती १९५६ मध्यें प्येर प्लांतार व त्याच्या साथीदारांनीं फ्रान्समध्यें नोंदविली. तिच्या प्राचीनत्वाचे कागद बनावट ठरले आहेत. कादंबरीकारास कल्पनेची पूर्ण मुभा आहे. तिच्यावर सत्याचा शिक्का मारण्याची नाहीं.

उलट, जोसेफीन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) मध्यें आजचा खून नाहीं. पण रुग्णशय्येवरील इन्स्पेक्टर ग्रँट जुन्या खुनाची चौकशी खऱ्या पोलिसाप्रमाणें करतो. तिसऱ्या रिचर्डवर पुतण्यांच्या हत्येचा आरोप करणारा थॉमस मोर १४८३ मध्यें पांचएक वर्षांचा होता. त्याची साक्ष ऐकीव, हें तो हेरतो. ग्रँटचा निष्कर्ष अनेक इतिहासकारांस अमान्य आहे. तरी साक्षीदाराची उलटतपासणी त्यानें टाळली नाहीं.

मृतांस अब्रूनुकसानीची फिर्याद करतां येत नाहीं. म्हणून वाचकांनीं रहस्याचा आस्वाद खुशाल घ्यावा. मात्र ‘सत्य’ हा शब्द दिसतांच पुरावा मागावा.