आधी खड्डा, मग कंडिशनर
गावी, कुंभार पिंपळगावात, आमचा ॲम्प्लिफायर घूंऽऽ करायचा. मी इंजिनिअर! प्लगची तिसरी पिन काढून टाकली. आवाज थांबला. पुढे आईचा हात त्याच्या पत्र्याला लागला आणि तिला झटका बसला.

ती पिन गाण्यासाठी नसतेच, माणसासाठी असते. घूंऽऽ बऱ्याचदा दोन यंत्रांनी दोन बोर्डांवरून अर्थिंग घेतल्यानं येतो. सगळी एकाच बोर्डावर लावा, डिशची केबल काढून बघा.

हजारोंचा पॉवर कंडिशनर वीज गाळेल. नसलेलं अर्थिंग कुठून आणेल? उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. त्यात शेवटचं पाणी कधी घातलंत? मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. मग खुशाल बास वाढवा.