किडनीबरोबर स्वादुपिंडाचंही विचारा



अवयवदानाचा विषय निघाला की आपण डोळे, किडनी, लिव्हर, फार तर हृदयापर्यंत येतो. स्वादुपिंडही देता येतं हे किती जणींना ठाऊक आहे? जठराच्या मागे असणारा, इन्सुलिन तयार करणारा हा अवयव. त्याचं पहिलं प्रत्यारोपण १९६६ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात झालं. तरीही २०२३ साली भारतात किडनीची १३,००० हून जास्त प्रत्यारोपणं झाली आणि स्वादुपिंडाची ३० च्या आतच.

माझ्या नात्यातल्या एका मुलीला अकराव्या वर्षी टाइप १ डायबेटिस झाला. (आपल्याकडे घरोघरी असतो तो उतारवयातला डायबेटिस वेगळा, त्याला सहसा हा उपाय नाही.) रोजची चार इंजेक्शनं, पर्युषणात साधं एकासन नाही, रात्री साखर उतरेल म्हणून आई गजर लावून उठणार. आता तिशीत तिच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू आहे. किडनी बदलायचं बोलणं वर्षभर चाललंय. त्या वर्षभरात एकाही डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव काढलं नाही.

डॉक्टर बिचकतात त्यात तथ्य आहे. ऑपरेशन मोठं, रक्ताची गुठळी होऊन नवा अवयव वाया जाण्याची भीती, शिवाय शरीराने तो नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं. ज्याच्या किडन्या धड आहेत आणि साखर इन्सुलिनवर आटोक्यात आहे, त्याने हे ओढवून घेऊ नये असं मलाही वाटतं. पण किडनी बदलणाऱ्याला ती औषधं घ्यावीच लागणार ना! आणि साखर तशीच राहिली तर ती नव्या किडनीलाही सोडणार नाही. आईची किडनी जुळत असेल तर ती आधी घेऊन स्वादुपिंड नंतर मृत दात्याकडून बसवता येतं. निदान सांगा तरी! घ्यायचं की नाही ते घर ठरवेल.

दुसरी अडचण मिळण्याची. स्वादुपिंड फार नाजूक. काढताना धसमुसळेपणा झाला की सुजतं, आणि थंड ठेवूनही साधारण बारा तासांत बसवलेलं बरं. दाता शक्यतो तरुण आणि सडपातळ लागतो. आपल्या रस्त्यांवर डोक्याला मार लागून जातात त्यात तरुण पोरंच जास्त, लिहितानाही जीव कसनुसा होतो. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मृत्यू मानलं, २०११ च्या दुरुस्तीने नातेवाइकांना विचारण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली. पण मेंदूमृत्यू जाहीरच केला नाही तर विचारणार कशाचं?

प्रत्येक शहरात हे ऑपरेशन सुरू करा असं मी म्हणणार नाही. वर्षाला एखादं करणाऱ्याचा हात बसत नाही. मोजकी केंद्रं असावीत आणि त्यांच्या माणसांनी दात्याच्या गावी जाऊन अवयव काढून आणावा. डायबेटिसच्या डॉक्टरांनीही किडनी उतरणीला लागली की रुग्णाला तिकडे पाठवावं, डायलिसिसची वाट बघू नये.

खर्चाचं काय? आपल्या समाजातले ट्रस्ट डायलिसिसची मशिनं देतात, त्यावर दात्याचं नाव दिसतं. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांवर कुणाचं नाव घालता येत नाही, म्हणून त्यासाठी पैसा निघत नाही, असं माझं मत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान ही चार दानं आपण पाठशाळेत पाठ केली. त्यातलं औषधदान हे नव्हे तर कुठलं?

अवयवदानाच्या प्रतिज्ञापत्रात स्वादुपिंडासमोर वेगळी खूण करायची जागा असते. आम्ही घरातल्या चौघांनी ती केली आहे आणि सासूबाईंनाही वाचून दाखवली आहे, कारण वेळ आली की डॉक्टर घरच्यांनाच विचारणार.