घोडा वरातीपुरता नाही

आपल्याला घोडा आठवतो तो वरातीला, नाहीतर माथेरान-महाबळेश्वरच्या फेरीला. तोच घोडा उपचारात मदत करतो म्हटले, की 'हे श्रीमंतांचे चोचले' असे उत्तर मिळते. हे उत्तर तपासून पाहायला हवे.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला आणि त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर चढायलाही आधार लागायचा. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. त्यानंतर युरोपात उपचारासाठी घोडेस्वारीचा विचार गांभीर्याने होऊ लागला.

यात जादू नाही. घोडा चालताना स्वाराची कंबर वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते, जवळपास स्वतः चालताना हलते तशीच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला त्यातून तोल सावरायचा आणि पाठ ताठ धरायचा सराव होतो. मनाचेही तसेच. घोडा भित्रा प्राणी आहे, माणसाची घालमेल तो चटकन ओळखतो. त्याला खरारा करायचा तर आधी स्वतः शांत व्हावे लागते. स्वमग्न मुले आणि युद्धाचा आघात सोसलेले सैनिक यांच्यासाठी हा मार्ग अनेक देशांत वापरला जातो. अर्थात तो औषध किंवा फिजिओथेरपीला पर्याय नाही, जोड आहे.

आपल्या समाजात मात्र मन आजारी पडले की जिन्न, नजर आणि तावीज. २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. आपला वारसा हा नव्हे. १४८८ साली एदिर्ने येथे उभ्या राहिलेल्या उस्मानी रुग्णालयात मनोरुग्णांवर संगीत आणि वाहत्या पाण्याच्या आवाजाने उपचार होत. आज आपल्या देशातही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे.

प्रश्न उरतो खर्चाचा. घोड्यांची माणसे तर आपल्यातच आहेत. नालबंद हे आडनाव आजही मोहल्ल्यात सापडते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा किती घरांची चूल अडचणीत आली! या कसबी हातांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रशिक्षण मिळाले, तर त्यांना इज्जतीची रोजी मिळेल आणि गरिबाच्या मुलाला उपचार मिळेल. अट एकच : घोडा धडधाकट, पोटभर खाल्लेला आणि विश्रांती घेतलेला हवा. फटके खाऊन दमलेले जनावर कुणाला बरे करणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानली आहे. ती मागायला आपणच पुढे यायला हवे. त्याआधी एक काम घरातले आहे : पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवले जाणारे मूल बाहेर आणायचे. विशेषतः ते मूल मुलगी असेल तर.