करमणुकीचा परवाना, जुगाराचा धंदा

नागपुरात व्हिडिओ गेम पार्लरवर पोलिसांचा छापा पडला, यंत्रे जप्त झाली, खेळणारे पकडले गेले, अशी बातमी अधूनमधून येते आणि चार दिवसांत विसरली जाते. काही काळाने तेच यंत्र, नाहीतर त्याचे भावंड, दुसऱ्या एखाद्या गाळ्यात लुकलुकू लागते. याचे सारे खापर पोलिसांच्या हप्तेबाजीवर फोडणे सोपे आहे, आणि ती हप्तेबाजी नाही असे शपथेवर कोणी सांगणारही नाही. परंतु प्रामाणिक अधिकाऱ्यालाही या धंद्यापुढे हात टेकावे लागतात, याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे आणि ती रचना बदलण्याची निकड कोणत्याही सरकारला भासलेली नाही.

महाराष्ट्रातील जुगार प्रतिबंधाचा मूळ कायदा 1887 चा. तो झाला तेव्हा जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू होऊन दहा वर्षे लोटली होती. ती गिरणी बंद पडली, तिचा भोंगा थांबला, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. कायद्याचा सांगाडा मात्र अनेक दुरुस्त्या होऊनही तोच आहे. त्याचे 13 वे कलम म्हणते की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पत्त्यांचा अड्डा आणि सट्टापट्टी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या या वाक्याचा आडोसा आज विजेवर चालणाऱ्या यंत्राला मिळतो.

धंद्याची रीत अशी. परवाना घ्यायचा तो करमणुकीच्या खेळांचा. यंत्र स्वतः एक पैसाही बाहेर टाकत नाही. गिऱ्हाईक गल्ल्यावर रोख पैसे देते, मालक किल्ली फिरवून तितके ‘पॉइंट’ यंत्रावर चढवतो. खेळ संपल्यावर उरलेल्या पॉइंटांचे पैसे गल्ल्यावर, नाहीतर दोन दुकाने सोडून उभ्या असलेल्या माणसाकडे मिळतात. छापा पडला की मालक परवाना दाखवतो, यंत्राकडे बोट दाखवतो आणि विचारतो, यात जुगार कुठे आहे?

जुगार आहे तो यंत्राच्या पोटात. शंभरातले किती परत द्यायचे हे आतली आज्ञावली ठरवते आणि ती कोणी लिहिली, कोणी बदलली, हे तपासणारी यंत्रणा नाही. समजा, एखादे यंत्र दर शंभरामागे सरासरी 80 परत देते. ऐकायला हे औदार्यच वाटते. पण तेच पैसे पुन्हा लावले की 64 उरतात, पाचव्या फेरीअखेर सुमारे 33, दहाव्या फेरीअखेर 11 देखील नाहीत. आणि दहा फेऱ्यांना दहा मिनिटेही पुरतात. त्यातून तिसरे चित्र अगदी एका घराने चुकावे, ‘थोडक्यात हुकले’ असे वाटत राहावे, अशी योजना जगभरच्या या यंत्रांत जाणूनबुजून केलेली असते. सकाळी ठिय्यावर उभे राहून मिळवलेली दिवसाची मजुरी संध्याकाळी घरी पोहोचत नाही ती अशी. मग किराणा दुकानदाराची उधारी, बचत गटाचा थकलेला हप्ता आणि गहाण पडलेले मंगळसूत्र. हा हिशेब घरच्या बाईला तोंडपाठ असतो. पंचनाम्यात तो येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा बनाव ओळखलेला आहे. 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. पुढे 1995 मध्ये कर्नाटकातील व्हिडिओ गेमच्या मालकांच्या शिवानी खटल्यात न्यायालयाने नमूद केले की अशा खेळांत सामान्य माणसाच्या अंगी यश मिळवण्याजोगे कौशल्य आहे असे क्वचितच म्हणता येईल; सरकारला त्यांवर नियंत्रण घालण्याचा पूर्ण अधिकार आहे. तीस वर्षे उलटली. अधिकार आहे, वापर नाही.

याउलट 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा घोळच काढून टाकला: पैसे लावून जिंकण्याच्या आशेने खेळलेला ऑनलाइन खेळ तो कोणत्याही प्रकारचा असो, निषिद्ध. मोबाइलवर ज्या युक्तिवादाला संसदेने थारा दिला नाही, तो गाळ्यातल्या सुट्या यंत्रासाठी मात्र अजून जिवंत आहे, कारण त्याला 1887 चाच कायदा लागू. ऑनलाइनचा रस्ता अरुंद झाला तर हे भांडवल पुन्हा गल्लीबोळांतल्या पार्लरकडे वळणार नाही, याची हमी कोण देणार?

शासनाचे स्वतःचे हात या बाबतीत स्वच्छ नाहीत. मटक्याला पर्याय म्हणून 1969 मध्ये राज्याने स्वतःची लॉटरी काढली. मटका संपला नाही, लॉटरीची भर पडली. 1976 मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा करून ठेवला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. शेजारच्या गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांना स्लॉट यंत्रांची मुभा दिली आणि आज तिथे त्या महसुलावाचून राज्य चालणार नाही असे सांगितले जाते. ब्रिटनमध्ये सट्टेबाजीच्या दुकानांतील यंत्रांनी अशीच पळवाट काढली होती: निकाल दूरच्या संगणकावर लागतो, म्हणून हे जुगाराचे यंत्र नव्हे. दुकाने गरीब वस्त्यांत दाटली. अखेर 2019 मध्ये एका डावाची कमाल रक्कम 100 पौंडांवरून 2 पौंडांवर आणावी लागली.

महाराष्ट्राला इतके थांबण्याचे कारण नाही. पैसे लावून खेळले जाणारे आणि ज्याच्या पॉइंटांचे कोणत्याही मार्गाने पैशांत रूपांतर होते ते प्रत्येक यंत्र जुगाराचे साधन मानले जावे, अशी दुरुस्ती 13 व्या कलमात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एका दिवसात होऊ शकते. शिक्षेचा रोख खेळणाऱ्या मजुराकडे नसावा. गाळ्याचा मालक, यंत्र पुरवणारा आणि परवाना देणारा अधिकारी यांच्याकडे असावा. दारूचे दुकान बंद करण्यासाठी वस्तीतील स्त्रियांना मतदानाचा हक्क आहे आणि ‘आडवी बाटली’ करून अनेक गावांनी तो बजावला आहे. पार्लरच्या परवान्याबाबतही तोच हक्क त्यांना द्यावा. कोणत्या गाळ्यात काय चालते आणि पैसे कोणाच्या खिशात जातात, हे त्यांना गुन्हे शाखेच्या आधी ठाऊक असते.